मिरजेचा उरूस आणि सुरांची हजेरी : तंबोऱ्याच्या गावातला संगीत महोत्सव

गावची जत्रा म्हटली की पालखी, कुस्त्यांचा फड, तमाशा आणि रात्री उशिरापर्यंत चालणारा सिनेगीतांचा ऑर्केस्ट्रा हे ठरलेलं असतं. सांगली जिल्ह्यातील मिरज शहरात मात्र दर्ग्याच्या उरुसात रात्रभर ख्याल, ठुमरी, सतार आणि तबला ऐकायला मिळतो. तिकीट नाही, पास नाही. देशभर मैफिली गाजवणारे कलावंत इथं येतात ते 'कार्यक्रम करायला' नव्हे, तर 'हजेरी लावायला'.

हा महोत्सव ख्वाजा शमना मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसानिमित्त भरतो आणि किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ ओळखला जातो. खाँसाहेबांची कबर याच दर्ग्याच्या आवारात आहे. दर्ग्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर सतारी आणि तंबोरे घडवणाऱ्या कारागिरांची दुकानं आहेत. म्हणजे जो सूर रात्री मंचावर लागतो, त्याचं लाकूड आणि भोपळा दिवसा त्याच भागात तासला जातो. मिरजेच्या महोत्सवाचं वेगळेपण यात आहे, आणि त्याची आजची काळजीही यातच आहे.

उरूस आणि संगीत सभा

उरुसाच्या तारखा हिजरी म्हणजे चांद्र कालगणनेनुसार ठरतात. त्यामुळे इंग्रजी कॅलेंडरनुसार उरूस दरवर्षी साधारण दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. काही वर्षं तो थंडीत येतो, तर काही वर्षं उन्हाळ्यात. मिरज आणि आसपासच्या तालुक्यांतून, तसंच सीमेपलीकडच्या कर्नाटकातील गावांतूनही भाविक येतात.

या उरुसाची एक परंपरा आवर्जून सांगण्यासारखी आहे. दर्ग्यावर मानाचा गलेफ अर्पण करण्याचा मान चर्मकार समाजाचा आहे. हिंदू-मुस्लिम दोन्ही समाजांतील लोक नवस बोलतात आणि फेडतात. मिरजकर मीरासाहेबांना गावचं दैवत मानतात. धर्म कोणता, हा प्रश्न इथं फारसा कुणी विचारत नाही.

उरुसाच्या काळात दर्ग्याच्या आवारात संगीत सभा भरते. नामवंत कलाकारांबरोबर नव्या गायक-वादकांनाही इथं संधी मिळते. मानधनाची बोलणी न करता गाण्याची इथली परंपरा आहे. आधी खाँसाहेबांच्या कबरीवर फुलं वाहायची, मग मंचावर बसायचं. समोरचा श्रोताही जाणकारच असतो असं नाही. नवस फेडायला आलेला शेतकरी, पोराला खांद्यावर घेतलेली आई, दुकान बंद करून आलेला व्यापारी असे सगळे एकाच सतरंजीवर बसतात. शास्त्रीय संगीत म्हणजे ठरावीक लोकांचं, ही समजूत इथं टिकत नाही.

खाँसाहेब मिरजेचे कसे झाले?

अब्दुल करीम खाँ यांचा जन्म १८७२ चा, उत्तर प्रदेशातील कैराना गावचा. हे गाव आज शामली जिल्ह्यात येतं. त्याच गावावरून 'किराणा' हे घराण्याचं नाव पडलं. तरुणपणी ते बडोदा संस्थानात दरबारी गायक होते. पुढं ते महाराष्ट्रात आले आणि कर्नाटकातही फिरले. म्हैसूर दरबाराशी त्यांचा संबंध आला, तिथूनच त्यांना 'संगीतरत्न' ही पदवी मिळाली. दक्षिणेतील कर्नाटक संगीताचा अभ्यास करणाऱ्या उत्तरेकडच्या पहिल्या मोठ्या गायकांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं. त्यांनी मराठी नाट्यपदंही ध्वनिमुद्रित केली.

मिरजेशी त्यांचं नातं कसं जुळलं, याची एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. प्लेगच्या साथीत खाँसाहेब आजारी पडले. दर्ग्यात येऊन त्यांनी मीरासाहेबांपुढं गायन केलं आणि ते बरे झाले, असं सांगतात. त्यानंतर उरुसात येऊन गायचं, हा नेम त्यांनी सोडला नाही. आयुष्याच्या उत्तरार्धात तर त्यांनी मिरजेतच घर केलं.

१९१३ मध्ये त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय सुरू केलं. गरीब मुलांना तिथं राहून शिकता येत असे. शिष्यांमध्ये सर्वांत मोठं नाव सवाई गंधर्व म्हणजेच रामभाऊ कुंदगोळकर यांचं. सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर ही खाँसाहेबांचीच मुलं. हिराबाईंचा जन्म १९०५ मध्ये मिरजेत झाला. घरंदाज स्त्रीनं जाहीर मैफिलीत गाणं ज्या काळात कमीपणाचं समजलं जाई, त्या काळात त्यांनी तिकीट लावून मैफिली केल्या आणि पुढच्या गायिकांची वाट मोकळी केली.

खाँसाहेबांचा शेवटही गाण्यातच झाला. ऑक्टोबर १९३७ मध्ये ते मद्रासहून पाँडिचेरीला रेल्वेनं निघाले होते. वाटेत छातीत दुखू लागलं म्हणून ते सिंगपेरुमाळ कोईल या लहानशा स्थानकावर उतरले. फलाटावर नमाज अदा केली, तंबोरा लावायला सांगितला आणि दरबारी रागात ईश्वराचं नाव घेत त्यांनी प्राण सोडला, असं सांगितलं जातं. तारीख होती २७ ऑक्टोबर १९३७. त्यांचं पार्थिव मिरजेला आणून दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आलं. पुढं शिष्यपरिवारानं आणि मिरजकरांनी उरुसातल्या गाण्याचा नेम चालू ठेवला. तीच ही संगीत सभा.

मिरजेपासून 'सवाई'पर्यंत

पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव आज जगभर माहीत आहे. त्याचं मूळ शोधत गेलं की वाट मिरजेला येते. गदगकडचा एक मुलगा दुकानात वाजणारी अब्दुल करीम खाँ यांची रेकॉर्ड ऐकून वेडा झाला आणि गाणं शिकण्यासाठी घरातून पळाला. तो मुलगा म्हणजे पंडित भीमसेन जोशी. भीमसेनजींना गुरू लाभले ते खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व. सवाई गंधर्वांचं १९५२ मध्ये निधन झालं आणि १९५३ पासून पुण्यात त्यांच्या स्मरणार्थ महोत्सव सुरू झाला. गंगूबाई हनगल याही सवाई गंधर्वांच्याच शिष्या.

पुणे, मिरज, कुंदगोळ, हुबळी, धारवाड आणि गदग ही गावं नकाशावर पाहिली तर बहुतेक एकाच रेल्वेमार्गाच्या आसपास येतात. किराणा गायकी या पट्ट्यात रुजली. मराठी आणि कानडी मुलुख सुरांनी जोडला गेला, आणि त्या जोडणीचं जंक्शन मिरज होतं.

मिरजच का?

एका तालुक्याच्या गावात एवढं संगीत आलं कुठून, हा प्रश्न साहजिक आहे. त्याची कारणं अगदी व्यवहारातली आहेत.

पहिलं कारण संस्थानचं. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांनी गायक आणि कारागीर यांना आश्रय दिला. ग्वाल्हेरची ख्याल गायकी महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत राहून शिकवत होते. दुसरं कारण वैद्यकीय. मिरज हे उपचारांचं गाव म्हणून फार पूर्वीपासून ओळखलं जातं. डॉ. विल्यम वान्लेस यांनी १९ व्या शतकाच्या अखेरीस इथं रुग्णालय उभारलं आणि लांबलांबून रुग्ण येऊ लागले.

ही दोन कारणं एकत्र आली आणि देशाच्या संगीताचा इतिहास बदलला. कुरुंदवाडचा विष्णू नावाचा मुलगा फटाक्यामुळं डोळ्यांना इजा झाली म्हणून मिरजेला उपचारासाठी आला. दृष्टी पूर्ववत झाली नाही, पण गळा चांगला होता. मुलानं गाणं शिकावं असा सल्ला मिळाला, संस्थानिकांनी सोय केली आणि तो बाळकृष्णबुवांकडं शिकू लागला. हेच पुढचे पंडित विष्णू दिगंबर पलुस्कर. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केलं. दरबारात आणि गुरूच्या घरात अडकलेलं संगीत शाळेत आलं ते तिथून. आज गावोगावची मुलं 'गांधर्व'च्या ज्या प्रवेशिका, मध्यमा, विशारद या परीक्षा देतात, त्यांचा कारभार बघणाऱ्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं कार्यालय मिरजेतच आहे.

तिसरं कारण नाटकाचं. शेजारच्या सांगलीत १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणलं. संगीत नाटकांच्या काळात मिरज हा नाटक मंडळ्यांचा मोठा मुक्काम होता. बालगंधर्वांनी १९०५ मध्ये शकुंतलेच्या भूमिकेत पाऊल टाकलं ते मिरजेच्या रंगमंचावर. पंडित विनायकराव पटवर्धन हेही मूळ मिरजेचेच.

चौथं कारण म्हणजे वाद्यं. गवयाला तंबोरा लागतो, तो लागतो तसाच बिघडतोही. दुरुस्त करणारा हात जिथं आहे, तिथं गवई येणारच.

तलवारीकडून तंबोऱ्याकडे

मिरजेतील वाद्यनिर्मिती १९ व्या शतकाच्या मध्यापासूनची मानली जाते. आज वाद्यं करणाऱ्या घराण्यांचे पूर्वज शिकलगार होते, म्हणजे तलवारी, भाले आणि कट्यारींना धार लावणारे. इंग्रजी अंमल आला, संस्थानांची लढाई संपली आणि शस्त्रांचं काम आटलं. हातात कसब होतं, पण काम नव्हतं. अशा वेळी फरीदसाहेब शिकलगार यांनी संस्थानात येणाऱ्या कलावंतांची वाद्यं दुरुस्त करता करता नवी वाद्यं घडवायला सुरुवात केली. पुढच्या पिढ्यांनी व्यवसायावरूनच 'सतारमेकर' हे आडनाव लावलं.

अब्दुल करीम खाँ यांचा सहवास या कारागिरांना लाभला. खाँसाहेब स्वतः वीणा वाजवत आणि वाद्यांच्या दुरुस्तीतही त्यांचा हात चांगला होता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल श्रुतींवर संशोधन करत होते, त्यांनाही खाँसाहेबांच्या गळ्याची मदत झाली. स्वर नेमका कुठं लागतो, याची चर्चा या भागात अशी रोजच्या बोलण्यात आली. किराणा गायकीत एकेका स्वराला फार महत्त्व. तंबोरा बेसूर तर गाणंच उभं राहत नाही. त्यामुळं गवई खोट काढायचा आणि कारागीर ती सुधारायचा. मिरजेचा तंबोरा असा घडत गेला.

भोपळा येतो शेतातून

तंबोऱ्याचा तळाचा गोल भाग म्हणजे भोपळा. तो कारखान्यात बनत नाही, शेतात पिकतो. हा भोपळा कडू, त्यामुळं खाण्याच्या कामाचा नाही. मिरजेला तो प्रामुख्यानं सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर परिसरातून, भीमाकाठच्या शेतांतून येतो.

भोपळा पूर्ण पिकून कवच टणक झाल्यावरच काढतात आणि उन्हात चांगला वाळवतात. आकारात मोठा, गोल आणि कुठंही न तडकलेला असेल तरच त्याला भाव. किडलेला किंवा एका बाजूनं बसका असेल तर मोठ्या वाद्याला चालत नाही. नदीकाठचं पीक असल्यानं पूर आला किंवा ऐन वेळी अवकाळी पाऊस झाला तर हातचा माल जातो.

शेतकऱ्याच्या बाजूनं बघितलं तर हिशेब सोपा नाही. उसाला कारखाना आहे, भाजीला बाजार समिती आहे. कडू भोपळ्याला गिऱ्हाईक एकच, ते म्हणजे वाद्य करणारा. त्यानं घेतला नाही तर तो ना बाजारात खपतो ना घरात. मोठ्या आकाराचे भोपळे पिकवणारे शेतकरी कमी झाले तर मिरजेचं काम अडतं. मैफिलीतला सूर आणि भीमाकाठची पाळी यांचा संबंध असा थेट आहे.

तंबोरा बनतो कसा?

* भोपळा : वाळलेला भोपळा कापून आतला गर आणि बिया काढतात. पाण्यात भिजवून तो मऊ करतात आणि आतून काड्यांचा आधार देऊन हवा तसा आकार देतात. मग पुन्हा वाळवतात.
* दांडी आणि गळा : यासाठी तुणाचं लाकूड वापरतात. दांडी आतून पोकळ असते. भोपळा आणि दांडी जिथं जुळते तो गळा. हा जोड कच्चा राहिला तर वाद्य ताण सहन करत नाही.
* तबली : भोपळ्याच्या तोंडावर बसवलेली लाकडी पातळ फळी. ती किती जाड ठेवायची, हे कारागीर बोटांनी ठोकून, आवाज ऐकून ठरवतो.
* नक्षी आणि पॉलिश : पूर्वी हस्तिदंत वापरत. त्यावर बंदी आल्यानंतर सेल्युलॉइड आणि प्लास्टिकच्या पट्ट्यांवर वेलबुट्टी कोरतात.
* घोडी, खुंट्या आणि तारा : साधारणपणे चार तारा. पहिली बहुधा पंचमात, मधल्या दोन जोडाच्या षड्जात आणि शेवटची पितळेची खर्जात.
* जवारी : हे सगळ्यांत अवघड काम. घोडीचा पृष्ठभाग कानसेनं इतका बारीक घासतात की तार त्यावर अलगद टेकून झणकारते. तारेखाली सुताचा धागा सरकवून तो झणकार नेमका पकडतात. जवारी साधली की तंबोरा 'बोलतो'.

जवारीचं माप कुठल्या पुस्तकात नाही. ते कानात असतं. चांगला कारागीर गात नसला तरी त्याचा कान गवयाचा असतो. हे काम शिकायला वर्षं लागतात, आणि शिकवायला समोर माणूस लागतो.

अंबाबाईचा नवरात्र महोत्सव

मिरजेत उरुसाप्रमाणंच नवरात्रातही संगीताचा जागर होतो. अंबाबाई मंदिरात नवरात्र संगीत महोत्सव भरवण्याची परंपरा अनेक दशकांची आहे. नऊ रात्री गायन, वादन आणि नृत्याचे कार्यक्रम होतात. इथंही प्रवेश सर्वांना खुला असतो.

दर्ग्यात गाणारा कलाकार मंदिरात गातो, आणि मंदिरात वाजणारा तंबोरा मुस्लिम कारागिराच्या हातचा असतो. मिरजेत ही गोष्ट मुद्दाम सांगावी लागत नाही, ती रोजच दिसते. गावागावांत तेढ निर्माण करणाऱ्या बातम्या येत असताना मिरजेचे हे दोन महोत्सव म्हणूनच जपण्यासारखे आहेत.

मानांकन मिळालं, पुढं काय?

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन म्हणजे 'जीआय टॅग' मिळाला. या भागात, ठरलेल्या पद्धतीनं घडवलेल्या वाद्यालाच आता मिरजेचं नाव लावता येईल. नकली मालाला आळा घालण्यासाठी याचा उपयोग आहे. परदेशातील ग्राहकालाही अस्सल वाद्याची खात्री मिळते.

पण मानांकन म्हणजे गिऱ्हाईक नव्हे. कारागिरांपुढच्या अडचणी वेगळ्या आहेत. १९७० च्या दशकाच्या अखेरीस इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला. आता तर मोबाईलमधल्या ॲपवरच तंबोरा वाजतो. प्रवासाला सोपा, लावायची कटकट नाही आणि खर्चही कमी. घरी रियाज करणाऱ्या विद्यार्थ्याला तेवढं पुरतं. त्यामुळं वर्गावर्गांतून खरा तंबोरा दिसेनासा होत चालला आहे. लाकूड महागलं आहे, मोठा भोपळा सहज मिळत नाही, आणि दिवसभर कानस चालवून मिळणारी मजुरी बघता तरुण मुलं दुसरं काम बघतात.

गाणं शिकवणारे जाणकार मात्र एक गोष्ट आवर्जून सांगतात. ॲपमधला तंबोरा लावून मिळतो, खरा तंबोरा लावावा लागतो. तार जुळवता जुळवता विद्यार्थ्याचा कान तयार होतो. ती पहिली शाळाच बंद झाली तर पुढची पिढी सूर ओळखायला शिकणार कुठं? ज्या शाळांत आणि महाविद्यालयांत संगीताचा वर्ग आहे, तिथं एक तरी मिरजेचा तंबोरा असावा, एवढी साधी गोष्ट झाली तरी कारागिरालाही काम मिळेल आणि भीमाकाठच्या शेतकऱ्यालाही.

महत्त्वाचे टप्पे

* १९ व्या शतकाचा मध्य : मिरजेत वाद्यनिर्मितीला सुरुवात
* १८७२ : अब्दुल करीम खाँ आणि विष्णू दिगंबर पलुस्कर यांचा जन्म
* १८९६ : पलुस्करांनी मिरज सोडली
* १९०१ : लाहोरला गांधर्व महाविद्यालयाची स्थापना
* १९०५ : बालगंधर्वांचं मिरजेत रंगभूमीवर पदार्पण, हिराबाई बडोदेकर यांचा जन्म
* १९१३ : पुण्यात आर्य संगीत विद्यालय
* १९३७ : अब्दुल करीम खाँ यांचं निधन, मिरजेत दफन
* १९५३ : पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवाची सुरुवात
* २०२४ : मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन

जायचं असेल तर

मिरज हे मोठं रेल्वे जंक्शन आहे. पुणे, कोल्हापूर, बेळगाव-हुबळी आणि पंढरपूर या चारही दिशांनी रेल्वेनं येता येतं. उरुसाची तारीख दरवर्षी बदलते, त्यामुळं निघण्यापूर्वी ती विचारून घ्यावी. नवरात्र महोत्सव घटस्थापनेपासून असतो. शक्य झाल्यास दिवसाउजेडी पोहोचावं आणि सतारमेकरांच्या दुकानांत चक्कर मारावी. काम चालू असेल तर जवारी कशी काढतात ते उभं राहून बघता येतं. रात्री मंचावर पहिला षड्ज लागला की मागं वाजणारा तंबोरा कुणाच्या हातून आणि कुठल्या शेतातून आला, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.